थोरल्याला नुसती सर्दी आणि तीन महिन्यांच्या धाकटीला थेट ऑक्सिजन, हा आरएसव्ही नेमकं करतो काय?

पिंपळाखालची

नमस्कार मंडळी, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

माझी धाकटी तीन महिन्यांची, थोरला साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत जातो. मागच्या आठवड्यात थोरल्याला शिंका आल्या, नाक वाहत होतं, एक दिवस कणकण होती. पुण्यात ऑगस्टमध्ये हे कोणाला नसतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही आणि तोही तिसऱ्या दिवशी सोसायटीत सायकलवर. मग चार-पाच दिवसांनी धाकटीचं नाक बंद झालं. पहिले दोन दिवस खरंच नुसती सर्दी, दूध पीत होती, हसत होती. तिसऱ्या रात्री अंगावर घेतलं की दोन घोट ओढायची आणि तोंड सोडून रडायची, परत ओढायची परत सोडायची, मला वाटलं पोट दुखतंय म्हणून हिंग लावला. पहाटे झबलं वर केलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पोट नुसतं उडत होतं. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला ती लाल दिव्याची क्लिप लावली, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के आला, आणि सरळ ॲडमिट. निदान ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज, नाकाचा स्वॅब आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) पॉझिटिव्ह.

आता मला कळत नाहीये ते हे की एकच व्हायरस, एकाच घरात, मग एकाला काहीच नाही आणि दुसरीला ऑक्सिजन, असं का? आणि औषध म्हणाल तर जवळजवळ काही नाही. नाकातून ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीने थोडं थोडं दूध, बस. अँटिबायोटिक नाही. मशीनची वाफ एकदा देऊन बघितली, फरक नाही म्हणून बंद केली. सासूबाई म्हणतात एवढं बिल लावतात आणि औषध एक देत नाहीत, दुसरीकडे हलवू या. नवरा मध्ये अडकलाय. डॉक्टर चांगले आहेत पण राऊंडला दोन मिनिटं येतात, त्यात काय काय विचारू. कोणी जरा नीट समजावून सांगेल का?

---

डबलड्यूटी

ताई, आधी श्वास घ्या. मी लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे, अकरा पावसाळे झाले, आणि दर पावसाळ्यात हीच गोष्ट, फक्त बाळाचं नाव बदलतं. थोरल्याला सर्दी, धाकटं ॲडमिट. तुम्ही काही चुकलेलं नाही, पहिल्या दोन दिवसांत ही सर्दी बाकीच्या सर्दीसारखीच दिसते, कोणालाच ओळखू येत नाही.

सगळा खेळ नळ्यांच्या मापाचा आहे. फुप्फुसात शेवटी शेवटी ज्या बारीक श्वासनलिका असतात ना, त्यांचं अस्तर हा व्हायरस धरतो. अस्तर सुजतं, पेशी मरून सुटतात, त्यात चिकट शेंबूड मिसळतो आणि नळीत बुच्च तयार होतं. आता शहाळ्याची जाड स्ट्रॉ घ्या आणि फ्रूटीची बारीक स्ट्रॉ घ्या. दोन्हींना आतून सारख्याच जाडीचा साबणाचा थर लावा. जाडीतून तुम्ही ओढू शकाल, बारकीतून गाल दुखतील. गणित असं आहे की नळीचं माप निम्मं झालं तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही होत, सोळापट होतो. थोरल्याच्या नळ्यांनाही सूज आली असेल, पण त्याच्याकडे जागा होती.

आणि त्यात ही बाळं जवळजवळ पूर्णपणे नाकाने श्वास घेतात. नाक बंद म्हणजे दूध ओढताना श्वास बंद, म्हणून ती ओढायची आणि सोडून रडायची. ते पोट दुखणं नव्हतं, दम लागत होता. जाऊ दे हो, हिंग सगळ्याच लावतात.

तो खड्डा का पडतो तर बाळाच्या बरगड्या अजून मऊ, कूर्चेसारख्या. हवा आत ओढायला जोर लावला की फुप्फुसात हवा जायच्या ऐवजी छातीच आत जाते. शिवाय श्वास आत घेताना नळ्या थोड्या रुंदावतात आणि सोडताना आवळतात, म्हणजे हवा आत शिरते पण बाहेर यायला वाट नाही. छाती फुगलेली राहते, आतली हवा शिळी होते, आणि जिथे बुच्च पूर्ण बसलंय तो भाग मिटून जातो, तिथे रक्त जातं पण ऑक्सिजन न घेता परत येतं. ते ८८ तिथून आलं.

औषधाचं विचारलंत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हा विषाणू आहे. मशीनच्या वाफेतलं औषध नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, दम्यात तेच होत असतं म्हणून तिथे जादूसारखं चालतं. इथे स्नायू मुख्य आरोपीच नाही, नळीत कचरा अडकलाय, स्नायू कितीही सैल करा. तुमच्या डॉक्टरांनी एकदा देऊन बघून बंद केली हे मला तरी शहाणपणाचं वाटलं. बाळाचं शरीर तो कचरा स्वतः काढतं, तोवर ऑक्सिजन, पाणी आणि दूध यांवर त्याला तगवून धरायचं. सासूबाईंना सांगा की औषध देत नाहीत पण सिस्टर दर दोन तासांनी येऊन नाक ओढतेय ना, तेच औषध आहे. आमच्या कामाला कोणी औषध समजत नाही ही वेगळी तक्रार आहे, ती पुन्हा कधीतरी.

साधारण तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट असतो, मग उतार लागतो. तुम्ही आत्ता घाटाच्या माथ्यावर आहात.

---

दोन_मुलांचा_बाबा

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे पण माझ्या मोठ्या मुलाला असंच झालं होतं तेव्हा वाफ आणि स्टिरॉइड दोन्ही दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं ठणठणीत. मग हिच्या बाळाला का नाही द्यायचं? डॉक्टर बदलायला काय हरकत आहे

---

डबलड्यूटी

दादा, तुमचा मुलगा तेव्हा किती वर्षांचा होता? दीड-दोन वर्षांच्या पुढचा असेल आणि आधीही छाती वाजायची असेल तर त्याचा प्रकार दम्याकडे झुकणारा असू शकतो, त्यांना वाफेचा उपयोग होतो. शिवाय पाचव्या दिवशी कुठलंही औषध द्या, सहाव्या दिवशी बाळ सुधारतंच, श्रेय औषधाला जातं. पहिल्यांदाच छाती वाजणाऱ्या लहान बाळाला ब्राँकिओलायटिसमध्ये सरसकट स्टिरॉइड किंवा सालब्युटामॉल (वाफेतलं ते औषध) देऊ नका असं अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१४ सालीच लिहून ठेवलंय, आमचे सरही तेच करतात. आणि ऑक्सिजनवरचं बाळ गाडीत घालून दुसरीकडे नेणं ही धोक्याची गोष्ट आहे हो, तिथल्या डॉक्टरांनीच वर पाठवलं तर गोष्ट वेगळी.

---

सातारची_काकू

अगं पोरी, घरी आणलीस की ओव्याची पोटली तव्यावर गरम करून छातीला शेक, कापूर घाल त्यात थोडा. आणि न्हाऊमाखू घातल्यावर वेखंड, ओवा, बाळंतशोपा यांची धुरी. माझी तिन्ही त्यावरच वाढली, तेव्हा कुठे होते आरएसव्ही न् बिरएसव्ही. नाकाडोळ्यात दोन थेंब अंगावरचं दूध पिळ, नाक मोकळं होतं.

---

सूक्ष्मदर्शक

काकू, नमस्कार. तेव्हाही होता हो, नाव नव्हतं एवढंच. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावणार, आधीच माफी.

हा पहिल्यांदा सापडला १९५६ साली, अमेरिकेत, तोही चिंपांझींमध्ये. प्रयोगशाळेतले चिंपांझी सर्दीने शिंकायला लागले, म्हणून त्याचं पहिलं नाव पडलं चिंपांझी सर्दीचा विषाणू. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये आजारी बाळांत तोच सापडला आणि लक्षात आलं की हा माणसांचाच आहे, बहुधा माणसांनीच चिंपांझींना दिला. आज परिस्थिती अशी की दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मूल एकदा तरी याच्या तावडीतून जातं, पुण्यातलं असो की पॅरिसमधलं. म्हणजे काकू, तुमच्या तिघांनाही झालेला असणार, सर्दी म्हणून निघून गेला.

नावातला तो मधला अवघड शब्द, सिन्सिशियल, तिथेच याची खोड आहे. या विषाणूच्या अंगावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. जी नावाचं प्रथिन पेशीला चिकटतं आणि एफ नावाचं प्रथिन विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणाशी जोडून टाकतं, मग आतला माल पेशीत. पण हे एफ एवढ्यावर थांबत नाही, लागण झालेली पेशी शेजारच्या पेशीलाही चिकटवतं, भिंती विरघळतात आणि प्रयोगशाळेतल्या बशीत बघितलं तर पाच-दहा पेशी मिळून एकच मोठा लोळागोळा, आत डझनभर केंद्रकं. त्या लोळ्याला सिन्सिशियम म्हणतात. विद्यार्थ्यांना मी सांगतो की वाड्यातल्या खोल्यांच्या मधल्या भिंती पाडल्यासारखं. गंमत म्हणजे बाळाच्या फुप्फुसात मात्र हे लोळे फारसे दिसत नाहीत, तिथलं नुकसान वेगळ्या वाटेने होतं.

श्वासनलिकेच्या अस्तरावर केसाळ पेशी असतात, त्यांचे केस एका लयीत हलून शेंबूड वर ढकलत राहतात, झाडूवाल्यांची रांगच म्हणा. हा विषाणू नेमका त्याच पेशी पकडतो. त्याचं एनएस२ नावाचं एक प्रथिन त्या पेशीला गोल करून रांगेतून सोडवतं. म्हणजे झाडूवाले कामावरून गेले आणि वर स्वतःच कचरा होऊन नळीत पडले. मग आपलं शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं, त्याही तिथेच लढून मरतात आणि कचऱ्यात भर. डबलड्यूटी ताई ज्याला बुच्च म्हणाल्या ते यातून होतं. बाळ जे भोगतं त्यातलं काही विषाणूचं आणि काही आपल्याच सैन्याच्या घाईचं.

लहान बाळालाच एवढं का, याला मापाशिवाय अजून एक कारण आहे. आईकडून नाळेतून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पहिल्या काही महिन्यांत ओसरत जातात आणि बाळाची स्वतःची फौज अजून कच्ची. त्या फटीत हा शिरतो, म्हणून सगळ्यात जास्त ॲडमिशन एक ते तीन महिन्यांच्या बाळांच्या. आणि एकदा होऊन गेला म्हणजे कायमची सुटका असंही नाही, आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो, फक्त मोठेपणी सर्दी होऊन जातो.

काकू, आता तुमच्या धुरीकडे. राग मानू नका. वेखंड असो की ओवा, धूर तो धूर, आधीच झाडूवाले गेलेल्या नळ्यांत अजून काजळी. आणि कापूर तर तान्ह्या बाळाजवळ नकोच, अंगात गेला तर झटके येऊ शकतात. दूध नाकात घालण्याऐवजी मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात ते घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

---

सातारची_काकू

कापराचं माहीत नव्हतं बाबा. आमच्या वेळी सगळेच घालायचे. धुरीचं मात्र मी सुनेला काही बोलत नाही आता, तशीही ती ऐकत नाही 😄

---

धारणी_ते_दादर

सूक्ष्मदर्शक सरांनी छान लिहिलंय. मी डॉक्टर, बॉण्डची म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी मेळघाटात केली, तिथल्या पाड्यावरची एक गोष्ट सांगतो. इकडे पिंपळाखालची ताईंनी पहाटे झबलं वर करून बघितलं आणि तासाभरात ऑक्सिजन मिळाला. तिकडे तेच बाळ पोट उडतंय म्हणून आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जायचं, पोटावर तापल्या लोखंडाचे चटके बसायचे, तिकडे त्याला डंबा म्हणतात. मी पाहिलंय, इवलंसं पोट आणि त्यावर ठिपक्यांची रांग. पोट सुजलंय म्हणून नाही उडत, श्वास घ्यायला छाती-पोटामधला पडदा जीव तोडून काम करतोय म्हणून उडतं, हे आयांना समजावता समजावता माझं वर्ष गेलं. मेळघाटात आरएसव्हीने घरीच दगावणाऱ्या बाळांचा अभ्यासही झालाय, कारण हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये ती बाळं येतच नाहीत.

जगाचा आकडा २०१९ सालचा सांगतो, पाच वर्षांखालची एक लाखाहून थोडी जास्त मुलं या एका विषाणूने गेली असा अंदाज आहे, त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली, आणि शंभरातले सत्त्याण्णव मृत्यू गरीब नि मध्यम देशांतले. विषाणू तोच. फरक ऑक्सिजनचा आणि अंतराचा.

घरी बघायचं सोपं माप देतो. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळं अनियमित श्वास घेतात. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, वर्षापुढे पाचपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे दाखवायला न्या. खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, दर श्वासाला कण्हत असेल, ओठ निळसर, किंवा दूधच घेत नाही आणि लंगोट कोरडा राहतोय, तर मोजत बसू नका, निघा. दीड-दोन महिन्यांच्या आतली किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं तर कधी कधी दम न लागता एकदम श्वासच विसरतात.

---

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर आरएसव्हीची लस फुकट देतात. मी घेतली, दंड दोन दिवस दुखला. आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं नाळेतून बाळात जातात, वर सरांनी जी फट सांगितली ती भरायला. मला मिडवाइफने विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते कारण पुण्याहून आईने फोनवर सांगितलं की हे नवीन काय, आमच्याकडे तर कोणी घेत नाही. सर, एवढा जुना व्हायरस आणि लस आत्ता कशी आली?

---

सूक्ष्मदर्शक

चांगला प्रश्न. लस साठ वर्षांपूर्वीच करून बघितली होती आणि ती अंगाशी आली. १९६६ च्या सुमाराला अमेरिकेत विषाणू फॉर्मालिनने मारून लस बनवली, लहान मुलांना दिली. पुढच्या मोसमात लस घेतलेल्या ज्या मुलांना लागण झाली त्यातली ८० टक्के हॉस्पिटलात, न घेतलेल्यांत ५ टक्के, आणि लस घेतलेली दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने सगळे कित्येक वर्षं हात राखून होते.

घोळ त्या एफ प्रथिनाचा होता. त्याची दोन रूपं असतात, पेशीशी जोडणी करायच्या आधीचं आणि नंतरचं. मिटलेली छत्री आणि उलटी झालेली छत्री समजा. मेलेल्या विषाणूवर नंतरचंच रूप होतं, मग शरीर त्याच्याविरुद्ध शिकलं, जी प्रतिपिंडं बनली ती चिकटायची पण अडवायची नाहीत, उलट दाह वाढवायची. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आधीच्या रूपाची नेमकी रचना काढली आणि ते त्याच रूपात घट्ट धरून ठेवायची युक्ती सापडली. २०२३ मध्ये गरोदर बायकांची लस आली ती त्यावरच. बाळाला थेट द्यायचं निर्सेविमॅब हे इंजेक्शनही त्याच रूपाला पकडतं, ती लस नव्हे, तयार प्रतिपिंड आहे, एका डोसात साधारण पाच महिने पुरतं. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात हे अजून नाही, खासगीत काय मिळतं ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

---

डबलड्यूटी

तोवर हात धुवा एवढंच. चेष्टा नाही करत. हा व्हायरस टेबल, खेळणी, पाळण्याची दांडी यांवर काही तास टिकतो आणि शेंबडाच्या हाताने पसरतो, साबणाने मात्र याचं चरबीचं आवरण फुटतं आणि खेळ खलास. केनियात किलिफीला घराघरात जाऊन नाकाचे नमुने घेतले होते, तेव्हा बाळापर्यंत व्हायरस आणणारे बहुतेक वेळा शाळेत जाणारे दादा-ताईच निघाले. त्यामुळे थोरल्याला रागावू नका, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. सर्दी असेल तर तोंडाचा पापा नाही, पायाचा चालेल असं सांगा.

---

पिंपळाखालची

सगळ्यांचे खूप खूप आभार. सिस्टर, तुमचं स्ट्रॉचं उदाहरण मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी नर्स नाक ओढायला आली तेव्हा स्वतः उठून बाळाचं डोकं धरलं. हलवायचा विषय परत निघाला नाही.

अपडेट अशी, काल सहावा दिवस. सकाळी ऑक्सिजन कमी केला, दुपारी काढला, ९५-९६ राहतंय. रात्री पहिल्यांदा पूर्ण दहा मिनिटं अंगावर प्यायली, मी घड्याळ बघत बसले होते. खोकला आहे अजून, खरखर आहे. डॉक्टर म्हणाले उद्या बघू घरी सोडायचं का. खोकला किती दिवस राहील कोणाला अंदाज आहे का? आणि काकू, धुरीचं मडकं सासूबाईंनी माळ्यावर टाकलंय, तुमची पोस्ट वाचून दाखवल्यावर हसल्या.

---

डबलड्यूटी

दोन आठवडे धरून चाला, काहींचा तीन आठवडेही राहतो. झाडूवाले परत भरती व्हायला तेवढा वेळ लागतो. पीत असेल, झोपत असेल, मोजलेले श्वास मापात असतील तर नुसत्या खोकल्याला घाबरू नका, कफ सिरप तर अजिबात नको. घरी गेल्यावर परत तीच ओढून-सोडून रडणं दिसलं तर मात्र रात्र काढू नका.

---

पिंपळाखालची

सोडलं आज. थोरला दारातच उभा होता, हात धुऊन, कोपरापर्यंत ओले, आणि विचारतोय दोन्ही पायांचा घेऊ का एकाच.